ऊनसावलीतली एक ओळ

ऑक्टोबरात लाकडाच्या गिरणीत ओंडक्यांची रास घसरली आणि रोमन ट्रॉयरचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. डॉक्टरांनी आत सळई घातली, वरून प्लास्टर चढवलं आणि बजावलं, की बर्फ वितळेपर्यंत गिरणीचं नाव काढायचं नाही. रोमन साठीला टेकलेला माणूस. कळायला लागल्यापासून दिवसाढवळ्या घरात बसणं त्याला ठाऊक नव्हतं. आता त्याच्या वाट्याला खिडकीपाशी एक खुर्ची आली, पाय ठेवायला एक स्टूल आलं आणि समोर दिवसभर बायको.

बायको ड्रुसिला, तीही खुर्चीतच होती. आदल्या उन्हाळ्यात वाटाणे सोलता सोलता तिचा उजवा हात मांडीवरून खाली घसरला, तो पुन्हा तिच्या ताब्यात आलाच नाही. ओठाची उजवी कड ओघळली होती. शब्द सगळे यायचे, पण उशिरा आणि एकेक करून. बोलण्याला पूर्वीची धार मात्र तशीच होती. फक्त आता ती लागायच्या आधी समोरच्याला थोडा वेळ वाट बघावी लागे.

एका रविवारी प्रार्थना उरकल्यावर ड्रुसिलाची थोरली बहीण फॅनी आणि तिचा नवरा यूरा घोडागाडी जोडून भेटायला आले; मोटार त्यांच्या पंथात कुणी ठेवत नसे. यूरानं दारातूनच दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"बरं झालं की रे रोमन! तुझा डावा पाय गेला, हिचा उजवा हात. दोघं मिळून एक धड माणूस तरी झालात."

"धड माणूस झालो असतो तर आधी तुला बाहेर काढलं असतं," रोमन म्हणाला.

फॅनीला थट्टेत रस नव्हता. अ‍ॅपल पाय तिनं टेबलावर ठेवला आणि थेट मुद्द्याला हात घातला. रोमनची धाकटी मुलगी लिडियान, हिचं लग्न जूनमध्ये व्हायचं होतं. मुलगा विस्कॉन्सिनचा. चर्चमध्ये अजून जाहीर झालं नव्हतं, पण कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. ड्रुसिलानं आपल्या प्रत्येक मुलाला लग्नात स्वतःच्या हातची 'ऊनसावली' गोधडी दिली होती. मधोमध एक चौकोन, त्याभोवती छोट्या छोट्या चौकोनांची रंगीत वलयं, उजळ रंगाकडून गडद रंगाकडे आणि पुन्हा उजळाकडे. या भागात सगळ्याच बायका ती शिवतात, पण ड्रुसिलाची वेगळी ओळखू यायची.

"लिडियानची मी करते," फॅनी म्हणाली. "कापड आणून ठेवलंयस ना तू? दे माझ्याकडे."

ड्रुसिलाचा जबडा हलला. सगळे थांबले.

"नको."

"अगं, मग करणार कोण?"

"घरात. होईल."

फॅनीनं खिडकीतून अंगणापलीकडच्या घराकडे पाहिलं. तिथं रोमनचा मुलगा जोनस आणि त्याची बायको रोझेला राहत होते. "म्हणजे ती," फॅनी म्हणाली, आणि अ‍ॅपल पाय कापायला उठली.

ते गेल्यावर ड्रुसिलाची नजर कोपऱ्यातल्या कापडाच्या पेटीवर गेली. रोझेलाला ती विचारणार नव्हती, हे रोमनला माहीत होतं. रोझेला दुसऱ्या वस्तीतून आलेली. तिथल्या चालीरीती थोड्या सैल, तिच्या आईचं कापडाचं दुकान, आणि दुकानातल्या 'इंग्लिश', म्हणजे पंथाबाहेरच्या, गिऱ्हाइकांकडून उचललेल्या शिवणाच्या नव्या तऱ्हा. ड्रुसिला तिच्या शिवणाला 'भाजी चिरणं' म्हणायची. लिडियाननं स्वतः शिवली असती तर कुणी नावं ठेवली नसती, पण मुलीनं आपल्याच लग्नाची गोधडी शिवणं ड्रुसिलाला पटणारं नव्हतं. पेटीत तिनं आजारी पडायच्या आधीच आणलेलं कापड घडी घालून पडलं होतं. जांभळं, निळं, गर्द लाल, हिरवं, काळं, राखी.

"मी करतो," रोमन म्हणाला.

ड्रुसिला हसली. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच हसली होती, आणि हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला आलं.

"हसायला काय झालं? जन्मभर फळ्याच कापत आलोय. सरळ कापता येतं मला."

त्यानं जुन्या रीतीनं सुरुवात केली, म्हणजे ड्रुसिला करायची तशी. पुठ्ठ्याचा चौकोन कापडावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कात्रीनं एकेक तुकडा कापायचा. सकाळी लिडियान चीजच्या कारखान्यात कामाला गेली, की तो बसायचा आणि ती यायच्या वेळेला सगळं शिवणाच्या मशीनच्या टोपणाखाली ढकलून द्यायचा. गाठ पडली होती ती कापडाशी, लाकडाशी नव्हे, हे त्याला लवकरच कळलं. लाकूड धरलं तिथं राहतं. कापड बोटाखालून सरकतं, ताणलं की वाढतं, सोडलं की आकसतं. आठवड्याभरात पुठ्ठ्याच्या कडा झिजल्या आणि तुकड्यांचा ढीग झाला. ड्रुसिलानं डाव्या हातानं एकेक तुकडा उचलून पाहिला.

"यातला एक तरी," ती म्हणाली, "चौकोनी आहे का?"

रोमननं कात्री आदळली. नेमकी त्याच वेळी रोझेला गरम पाव घेऊन आत आली. टेबलावरचा पसारा, सासऱ्याच्या मांडीवरचं जांभळं कापड, सासूचा चेहरा. तिला विचारायची गरज पडली नाही. पाव ठेवून ती उभीच राहिली.

"डॅट," ती सासऱ्याला म्हणाली, "बोलू का एक?"

"बोल."

"तुम्ही अशानं पुढच्या नाताळापर्यंतही पुरे करणार नाही. चौकोन कापायचेच नाहीत. आधी पट्ट्या जोडायच्या, मग कापायचं."

"ती भाजी चिरणं," ड्रुसिला म्हणाली.

रोझेलाचे कान लाल झाले. पण ती गेली नाही. "हो मेम, तेच," ती सासूला म्हणाली. "भाजीच चिरायची. पण सगळे तुकडे एकसारखे येतात."

रोमननं बायकोकडे पाहिलं. ड्रुसिला खिडकीबाहेर पाहू लागली. ती नको म्हणाली नाही, एवढ्यावरच त्या दोघांनी काम सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी रोझेलानं चाकासारखं गोल पातं असलेला चाकू, मोजायची जाड पट्टी आणि खाली अंथरायला रबरी फळी आणली. रोमननं मोठ्या थाटात पहिली पट्टी कापली आणि उलगडली. पट्टी मधोमध कोपरासारखी वाकलेली होती.

"हे काय झालं?"

"घडी सरळ नव्हती," रोझेला म्हणाली. "कापड दुमडून कापता ना, मग घडीशी काटकोन धरायचा, काठाशी नाही. काठ खोटं बोलतो."

घडी नीट करायला एक सकाळ गेली. मग पट्ट्या जोडायचं शिक्षण. पायानं चालवायचं मशीन. उजव्या पायानं तो पायटा मारायचा, डावा स्टुलावर. कडेला पाव इंच माया सोडून शिवायचं, ना कमी ना जास्त. करवतीचं पातं जसं थोडं लाकूड खातं, तशी शिवण कापड खाते, एवढं त्याला आपोआप उमगलं. पण सगळे रंग जोडून कापड खाली पसरलं तर ते धनुष्यासारखं वाकलं होतं.

"मी सरळ शिवलंय!" रोमन ओरडला. "मोजून बघ!"

"सरळच शिवलंय," रोझेला म्हणाली. "पण दर वेळी एकाच टोकाकडून. मशीन वरचं कापड ढकलतं, खालचं ओढतं. एक पट्टी या टोकाकडून शिवा, पुढची त्या टोकाकडून."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मी मुलाला दूध पाजायला गेले होते, तेवढ्यात तुम्ही सगळं संपवून बसलात."

खुर्चीत बसलेल्या ड्रुसिलाच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की खोकल्याचा, दोघांनाही कळलं नाही.

इस्त्रीचं काम ड्रुसिलानं स्वतःकडे घेतलं. झालं असं, की रोमन चुलीवरची तापलेली इस्त्री रंधा मारल्यासारखी कापडावर पुढेमागे ढकलत होता आणि पट्ट्या ताणल्या जात होत्या. ड्रुसिलानं हात पुढे केला. डाव्या हातानं तिनं इस्त्री उचलली, ठेवली, उचलली, ठेवली. घासली नाही. शिवणीची माया गडद रंगाकडे वळवून ती दाबत गेली. काम मंद होतं, पण कापड सपाट होत गेलं. रोझेलानं टेबल तिच्या खुर्चीजवळ सरकवलं.

मग खरी गंमत सुरू झाली. रोझेलानं ते रंगीत कापड आडवं घालून त्याचे काप काढले.

"बघा, प्रत्येक कापात सगळे रंग त्याच क्रमानं आले. आता या कापाची दोन टोकं शिवून टाकायची. झालं कडं. पहिलं कडं काळ्या आणि जांभळ्याच्या मधे उसवा. दुसरं जांभळ्या आणि निळ्याच्या मधे. एकेक घर पुढे. मग उलगडून शेजारी शेजारी ठेवा."

रोमननं ठेवलं. रंग आपोआप तिरके चालायला लागले. तो पुढे वाकून बघत राहिला.

"आणि मधोमध आलं की?"

"मग उलट. एकेक घर मागे."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त विसरायचं नाही, आपण कुठल्या घरात आहोत ते."

हिवाळा तसा गेला. रोझेला रोज येऊ शकत नव्हती. तिला लहान मुलं होती, कोंबड्या होत्या. ती नसली की ड्रुसिला सांगायची. तिनं स्वतः कधी न वापरलेली रीत ती बघून बघून शिकली होती आणि आता नवऱ्याच्या चुका त्याच्या आधी तिला दिसायच्या. "गडदकडे," ती म्हणायची. किंवा नुसतं, "उसव." रोमन उसवायचा. कधी चिडायचा, कुबडी घेऊन अंगणात जाऊन घोड्याशी बोलून यायचा. पण परत यायचा. फेब्रुवारीतल्या बर्फाच्या वादळात, जेव्हा रस्ते बंद होते आणि लिडियानही घरातच अडकून वरच्या खोलीत पत्रं लिहीत होती, तेव्हा त्यानं शेवटच्या ओळी जोडल्या. शिवताना तो चर्चमधलं संथ भजन गुणगुणत होता. ड्रुसिलानं त्या दिवशी इस्त्री केली आणि ती काहीच बोलली नाही. रोमनला वाटलं, आता चुकण्यासारखं काही उरलं नसावं.

एप्रिलमध्ये प्लास्टर निघालं. गोधडी टाचायला बायका यायच्या दिवशी जोनसनं मोठी लाकडी चौकट पुढच्या खोलीत उभी केली. अस्तर, मधला कापूस आणि वर ती रंगीत 'ऊनसावली'. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका बोटांवर धातूची अंगुस्तानं चढवून चारी बाजूंनी बसल्या. मागच्या खोलीत नूडल्स शिजत होत्या. सगळ्यांची समजूत अशी, की ही गोधडी रोझेलानं शिवली. कुणी तसं म्हटलं नव्हतं आणि कुणी नाकारलंही नव्हतं.

फॅनी खिडकीच्या बाजूला उभी राहून कापड ताणत होती. ताणता ताणता ती थांबली. डोळे बारीक करून तिनं एका ओळीवरून बोट फिरवलं.

"इथं काय झालंय? जांभळा चालता चालता अडखळलाय."

बायका पुढे झुकल्या. खरंच, एक पूर्ण ओळ एक घर मागे राहिली होती. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसेना. वलय तिथं तुटून पुन्हा सुरू होत होतं.

फॅनीनं रोझेलाकडे पाहिलं. "घाईघाईत भाजी चिरल्यासारखं कापलं की असंच व्हायचं. माझी बहीण आजारी आहे म्हणून कुणी बघणारं नव्हतं वाटतं घरात? मी करते म्हणाले होते."

रोझेला लालबुंद झाली. "उसवते मी," एवढंच ती म्हणाली.

रोमन त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात होता. यूरा बसला होता त्या अंगणातल्या कार्यशाळेतून तो त्याच्यासाठी कॉफी न्यायला आला होता. ओळ कुठली, हे त्याला तिथूनच कळलं. मागे फिरला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. रोझेलानं त्याच्याकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं. ड्रुसिला आपल्या मांडीवरच्या हाताकडे पाहत होती. रोमननं कप खाली ठेवला आणि लंगडत आत आला.

"फॅनी, तिला काही बोलू नकोस. ती ओळ माझी आहे."

"तुझी म्हणजे?"

"म्हणजे मी शिवलीय. ती आणि बाकीच्याही सगळ्या."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. फॅनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रोमन, इतक्या बायका आपापली कामं टाकून आल्यात. ही थट्टेची वेळ नाही."

"थट्टा नाही मावशी," लिडियान म्हणाली. ती चौकटीच्या पलीकडच्या टोकाला बसली होती. "नाताळापासून डॅटच्या दाढीत दोऱ्याचे तुकडे सापडताहेत. मीच काही बोलले नाही."

रोमननं मुलीकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"बरं," फॅनी म्हणाली. "मग बस मशीनवर. बघू दे."

वरचं कापड चौकटीतून सोडवावं लागलं. रोमन मशीनपाशी बसला. ओळीच्या दोन्ही बाजूंच्या लांब शिवणी त्यानं उसवल्या, ओळ बाहेर काढली, एका टोकाचा चौकोन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडला, आणि पुन्हा शेजारच्या ओळींना लावून पाहिली. आता जांभळ्याखाली जांभळा तिरका चालला. त्याची बोटं जाड होती, नखं गिरणीच्या कामानं काळी पडलेली, आणि एवढ्या बायकांच्या नजरा त्यांवर होत्या. एकदा दोरा तुटला. रोझेलानं ओवून दिला. कापडाचा भार दोन बायकांनी दोन्हीकडून उचलून धरला, नाहीतर शिवण ओढली गेली असती.

कॉफी का येत नाही म्हणून यूरा बघायला आला. दारातच त्याचं तोंड उघडं राहिलं.

"अरे, याला एक पांढरी टोपी शिवा कुणीतरी! दाढीवर शोभेल."

"यूरा," फॅनी वळूनही न बघता म्हणाली, "बाहेर जा."

यूरा गेला. पण गावभर व्हायचं ते झालंच. रोमनला पुढे वर्षभर गिरणीत, लिलावात, चर्चच्या बाकावर 'टाके कसे चाललेत' हे ऐकावं लागलं. त्याची त्याला सवय झाली.

शिवण संपल्यावर फॅनीनं ओळ उलटी करून बघितली, माया मोजली, इस्त्रीचा हात पाहिला. "शिवण सरळ आहे," ती म्हणाली. गोधडी पुन्हा चौकटीत चढली. बसायची वेळ आली तेव्हा फॅनीनं आपल्या शेजारचं खिडकीकडचं स्टूल ओढलं.

"रोझेला, इथं ये. इकडे उजेड आहे."

रोझेला जाऊन बसली. जेवणाच्या वेळेपर्यंत टाके दोघींचे सारखेच बारीक पडत होते.

संध्याकाळी बायका गेल्यावर रोमननं चौकटीवर चादर टाकली आणि ड्रुसिलासमोर येऊन बसला.

"तुला दिसली होती ती ओळ."

ती मान हलवून हो म्हणाली.

"वादळाच्या दिवशी?"

"हो."

"इतके महिने उसव, उसव म्हणत होतीस. मग तीच एक का सोडलीस?"

ड्रुसिलाचे ओठ हलले. रोमन थांबला. त्याला आता थांबायची सवय झाली होती.

"संपायला हवी होती," ती म्हणाली. "उसवत बसलास तर... उन्हाळा येईल. मी असेन, नसेन."

"आणि रोझेला बोलणी खात होती तेव्हा?"

या वेळी तिला जास्त वेळ लागला. "तेव्हा शब्द येत नव्हते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आले असते तरी. कदाचित बोलले नसते."

खरं होतं, आणि तिनं ते लपवलं नव्हतं. तो चुलीत लाकूड घालायला उठला. दुसऱ्या दिवशी ड्रुसिलानं त्याला अंगणापलीकडे पाठवून रोझेलाला बोलावून घेतलं आणि त्याला बाहेर जायला सांगितलं. आत काय बोलणं झालं ते त्याला कधीच कळलं नाही. रोझेला बाहेर पडली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात ड्रुसिलाचं चांदीचं अंगुस्तान होतं.

लग्न जूनमध्ये झालं. पाऊस आला नाही, पाहुणे वेळेवर आले, कोंबडी पुरली. लिडियान नवऱ्याबरोबर विस्कॉन्सिनला गेली. रोमन गिरणीत परतला, पण आता तो ओंडक्यांकडे जात नव्हता. फळ्या निवडायचं बसून करायचं काम त्याला दिलं.

पुढच्या जानेवारीत, भाड्याची मोटार आणि ती चालवायला इंग्लिश ड्रायव्हर करून दोघं लेकीकडे गेले. ड्रुसिलाला प्रवास सोसणार नाही असं सगळे म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. पोचल्या पोचल्या थंडीनं तिचे दात वाजायला लागले. लिडियाननं तिला आतल्या खोलीत नेलं. पलंगावर साधं लोकरी पांघरूण होतं.

"गोधडी कुठाय?" ड्रुसिलानं विचारलं.

"पेटीत ठेवलीय मेम. नीट. खराब व्हायला नको म्हणून."

ड्रुसिला उभीच राहिली. लिडियान तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहू लागली.

"काढ," आई म्हणाली. "त्यानं ती... पेटीसाठी नाही शिवली."

लिडियाननं पेटी उघडली. रोमननं बायकोचे बूट काढले, तिला आडवं केलं, लेकीनं वरून गोधडी पसरली. ड्रुसिलानं डाव्या हातानं ती हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले. दुपारचे जेमतेम तीन वाजले होते. थोड्या वेळानं तिचे दात वाजायचे थांबले, तेव्हा रोमन टोपी घालून जावयाच्या गाई बघायला बाहेर पडला.